कोनता विषयले स्कोप शे?

बारावीचा निकाल लागला की आमच्या लॅबच्या पायरीवर चपला वाढतात. जळगावात माझी पाणी, माती आणि थोडंफार अन्न तपासून देणारी छोटी लॅब आहे. एरवी लोक विहिरीचं पाणी बाटलीत भरून आणतात. जूनमध्ये बाटलीबरोबर मुलाला नाहीतर मुलीलाही आणतात. गेल्या जूनमध्ये अमळनेरकडचे एक काका आले. बाटली टेबलावर, टोपी गुडघ्यावर, आणि पाण्याबद्दल चकार शब्द न काढता पहिला प्रश्न: "सर, पोरले बीएस्सीले टाकू का? कोनता विषयले स्कोप शे?"

मुलगी शेजारी उभी होती, मोबाइल उलटा धरून. हा प्रश्न तिने बहुधा पाचव्यांदा ऐकला असावा.

गावोगाव याची तयार उत्तरं असतात. २००० च्या आगेमागे स्कोप कॉम्प्युटरला होता. मग बायोटेकला आला. तालुक्याच्या कॉलेजांतसुद्धा बायोटेकचे वर्ग निघाले, कारखाने मात्र त्या मानाने निघालेच नाहीत. आता एआयला आहे म्हणतात. पोरं शिकून बाहेर पडेपर्यंत स्कोप मागच्याच स्टॉपला उतरून गेलेला असतो.

गंमत अशी की आमच्या धंद्यात 'स्कोप' या शब्दाला अगदी नेमका अर्थ आहे. तपासणी लॅबला एनएबीएल ही राष्ट्रीय संस्था मान्यता देते. ती सरसकट नसते. पाण्यातलं क्लोराइड, पाण्यातलं नायट्रेट, मिरचीतला ओलावा अशी एकेका चाचणीची यादी करून देतात, आणि त्या यादीला म्हणतात लॅबचा स्कोप. त्या चाचणीच्या रिपोर्टखाली कोण सही करणार तेही ठरलेलं असतं. त्याला ऑथोराइज्ड सिग्नेटरी म्हणतात, आणि त्याचं शिक्षण, अनुभव, हातचं काम सगळं पाहूनच त्याला सहीचा अधिकार मिळतो.

काकांना मी याच अर्थाने उत्तर देतो. कोणत्या मालाची तपासणी सक्तीची झाली ते बघा. तिथे रिपोर्ट लागतो, रिपोर्टखाली सही लागते, आणि ती सही विज्ञान शिकलेल्याचीच चालते. विषय मग त्यावरून निवडा.

काका म्हणाले, "समजनं नही." म्हणून मी सोन्याकडे वळलो. जळगावात सोन्याचं उदाहरण कुणालाही कळतं.

सराफ बाजारातली केमिस्ट्री

पिढ्यान्‌पिढ्या इथे सोनं सराफाच्या शब्दावर विकलं गेलं. कसोटीच्या दगडावर घासायचं, ॲसिडचा थेंब टाकायचा, कस बघायचा, आणि बाकीचा विश्वास. १६ जून २०२१ पासून सरकारने टप्प्याटप्प्याने हॉलमार्किंग, म्हणजे शुद्धतेचा शिक्का, सक्तीचं केलं. १ एप्रिल २०२३ पासून तर हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा आकडी-अक्षरी एचयूआयडी हा ओळख क्रमांक असल्याशिवाय दुकानदाराला तो विकता येत नाही. २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. हे आता कुणीतरी मोजून, लिहून द्यावं लागतं.

मोजतात कसं? दागिन्याचा बारीकसा तुकडा काढून अचूक तराजूवर तोलतात. त्यात ठरावीक चांदी घालून शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळतात आणि भट्टीत हजार अंशांच्या वर तापवतात. ज्या इवल्या वाटीत हे तापतं तिला क्युपेल म्हणतात. तांबं वगैरे हीण शिशाबरोबर ती वाटीच पिऊन टाकते. मागे राहतो सोन्याचांदीचा मणी. तो ठोकून, लाटून त्याची पट्टी करायची आणि नायट्रिक ॲसिडमध्ये टाकायची. चांदी विरघळते, सोनं तसंच राहतं. ते धुऊन, वाळवून पुन्हा तोलायचं. सुरुवातीचं वजन आणि शेवटचं वजन यांचा हिशेब म्हणजे शुद्धता.

यातली एकही पायरी बीएस्सी केमिस्ट्रीच्या बाहेरची नाही. धंदा तोच, गिऱ्हाईक तेच, लग्नसराई तीच. फक्त एक नियम आला आणि जिथे कसोटीचा दगड होता तिथे भट्टी, तराजू आणि ते दोन्ही समजणारा माणूस लागायला लागला.

बहुतेक नियम कुठेतरी काहीतरी बिघडल्यावर येतात, हे त्यातलं कडू सत्य. २०२२ मध्ये गांबिया या आफ्रिकी देशात भारतात बनलेल्या कफ सिरपशी लहान मुलांच्या मृत्यूंचा संबंध जोडला गेला. १ जून २०२३ पासून निर्यातीचं कफ सिरप आधी सरकारी किंवा मान्यताप्राप्त लॅबमध्ये तपासून घेणं बंधनकारक झालं. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने काही भारतीय मसाल्यांत इथिलिन ऑक्साइड हे घातक जंतुनाशक रसायन सापडल्याचं सांगितलं. लगेच तिकडे जाणाऱ्या मसाल्याची तपासणी सक्तीची झाली. प्रत्येक वेळी साखळी तीच: घोटाळा, नियम, मशीन, आणि मशीनसमोर बसणारा माणूस. नोकरीच्या जाहिराती वाचण्याआधी असल्या बातम्या वाचायची सवय मी मुलांना लावतो. थोडं गिधाडासारखं वाटतं, पण वाटा तिथूनच निघतात.

पदवीधर जास्त बेकार का दिसतात

आमच्या भागात विज्ञान नवं नाही. जळगावचं मूळजी जेठा कॉलेज आणि अमळनेरचं प्रताप कॉलेज दोन्ही १९४५ ची. आम्ही बरीच वर्षं पुणे विद्यापीठाखाली होतो. १९९० मध्ये जळगावला स्वतःचं विद्यापीठ झालं, त्याला आज बहिणाबाईंचं नाव आहे. आमच्या पिढीत बीएस्सीनंतरची वाट ठरलेली होती: बीएड करा, हायस्कूलला लागा. ते नाही जमलं तर भुसावळला रेल्वे, वरणगावला आयुध निर्माणी, नाहीतर बँक. या सगळ्यांत एक साम्य होतं. पदवी कशात आहे याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं, पदवी असली म्हणजे झालं.

ती वाट हळूहळू बोळ झाली. शिक्षकासाठी २०१३ पासून टीईटी ही पात्रता परीक्षा आली, त्यावर अभियोग्यता चाचणी, त्यावर शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल. कॉलेजात कायम जागा क्वचित निघते, बाकी तासिका तत्त्व. आयुध निर्माण्यांचं तर मूळ मंडळच १ ऑक्टोबर २०२१ ला विसर्जित होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या.

आता एक आकडा सांगतो, जो ऐकून पालक हबकतात. केंद्र सरकारच्या श्रमबळ सर्वेक्षणात, म्हणजे पीएलएफएसमध्ये, २०२२-२३ साली १५ वर्षांवरच्या सगळ्या लोकांत बेकारी ३.२ टक्के होती. पदवीधरांत ती १३.४ टक्के. म्हणजे शिकलो ते चुकलंच की काय?

तसं नाही. या सर्वेक्षणात बेकार कुणाला म्हणतात ते आधी बघावं लागतं. जो काम शोधतोय किंवा करायला तयार आहे आणि ज्याला ते मिळालेलं नाही, तो बेकार. ज्याच्या घरी पाच दिवस बसायची सोय नाही तो कपाशी वेचायला जातो आणि सर्वेक्षणात 'कामाला' म्हणून मोजला जातो. त्याला काय मिळतं हा प्रश्न वेगळा. पदवीधराला घरचे म्हणतात, थांब, चांगलं काहीतरी बघ. तो थांबतो. धुळ्या-जळगावच्या अभ्यासिकांमध्ये रात्री अकरापर्यंत दिवे असतात ते या थांबण्याचेच. त्या १३.४ टक्क्यांत हे वाट पाहणंही आलं.

पण सगळंच वाट पाहण्याच्या नावावर खपवता येणार नाही. दुसरा भाग माझ्याच अंगावर आलेला आहे.

चार ग्रॅमचा प्रश्न

एमएस्सी झाल्यावर मी दोन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. पैसे तासाच्या हिशेबाने, आणि तेही वर्ष उलटल्यावर एकरकमी. शेवटी जळगाव-सुरत ताप्ती लाइनची गाडी धरली, सुरतेला बदलली आणि अंकलेश्वरला एका औषध कंपनीत मुलाखतीला गेलो. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरच्या पोरांना ही वाट पाठ आहे. आमच्याकडची किती घरं अंकलेश्वर, वापी, दहेजच्या पगारावर उभी आहेत, ते दिवाळीच्या आधी त्या गाडीत पाय ठेवला की कळतं.

मुलाखत घेणारे गृहस्थ गुजराती होते, शांत. त्यांनी विचारलं, "पॉइंट वन नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड कसं बनवणार?"

मी म्हणालो, "चार ग्रॅम तोलायचं, पाण्यात विरघळवून एक लिटर करायचं."

"तराजूवर बरोबर ४.००० ग्रॅम आलं. मग बाटलीवर ०.१००० लिहिणार?"

मी म्हणालो, "हो."

त्यांनी माझी फाइल मिटली आणि चहा मागवला. चहा आला म्हणजे मुलाखत संपली, हे मला नंतर कळलं.

चूक काय होती? सोडियम हायड्रॉक्साइडची पांढरी गुळगुळीत गोळी हवेत उघडी ठेवली की ती हवेतला ओलावा शोषते, कार्बन डायऑक्साइडही घेते. म्हणजे तराजू ४.००० दाखवतो तेव्हा त्यात थोडं पाणी आणि थोडं कार्बोनेट तोललं गेलेलं असतं. म्हणून द्रावण आधी अंदाजे करायचं, आणि मग पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटसारख्या, हवेत न बिघडणाऱ्या शुद्ध पदार्थाशी टायट्रेशन करून, म्हणजे थेंबथेंब सोडून किती लागतं ते मोजून, त्याची खरी ताकद काढायची. बाटलीवर ती लिहायची. ०.०९८७ निघाली तर ०.०९८७. सोबत तारीख आणि कुणी काढली त्याची सही.

हे मला पुस्तकात आलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळाले होते. पण कॉलेजच्या पाच वर्षांत मी एकदाही ती बाटली स्वतः भरली नव्हती. परिचर मामा सकाळीच सगळ्या बाटल्या भरून चिठ्ठ्या लावून ठेवायचे. आमचं प्रॅक्टिकल ब्युरेटपासून, म्हणजे थेंब सोडायच्या खुणांच्या नळीपासून, सुरू व्हायचं. कंपनीचं काम त्याच्या आधीच, बाटलीपाशी सुरू होतं. पदवी आणि नोकरी यांच्यातली दरी म्हणतात ती एवढीच आहे, आणि ती ऑनलाइन कोर्सच्या प्रमाणपत्रांनी बुजत नाही.

दुसऱ्या कंपनीत लागलो. आता औषध कंपनीत बीएस्सीवाल्याच्या पगाराचं गणित समजून घ्या, कारण इथेच पोरं घाईने परत येतात. सुरुवातीला हातात येतात ते पंधरा-अठरा हजार, असं आमच्याकडून गेलेली मुलं सांगतात. खोलीभाडं, मेस आणि नाइट शिफ्ट. सहा महिन्यांत घरची आठवण येते आणि पोरगा परततो. पण औषध नियम १९४५ मध्ये एक तरतूद आहे: औषधाचं उत्पादन ज्याच्या देखरेखीखाली चालतं तो माणूस फार्मसीवालाच हवा असं नाही, केमिस्ट्री मुख्य विषय घेऊन बीएस्सी झालेला आणि त्यानंतर औषध उत्पादनात किमान तीन वर्षं काम केलेलाही चालतो. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, त्याला मान्यता दिली की आमच्याकडे त्याला 'एफडीए अप्रूव्ह्ड' म्हणतात. अप्रूव्हल हातात आलं की माणूस कंपनीला वेगळ्या नजरेने दिसायला लागतो, कारण त्याच्या नावावर परवाना चालतो. म्हणजे ती तीन वर्षं कमी पगाराची नोकरी नाही, ती पदवीची दुसरी बाजू आहे. दीड वर्षात परतणारा अर्धी भाकरी तव्यावर सोडून येतो. २०२४ पासून औषध कारखान्यांसाठी सुधारित शेड्यूल एम हे उत्पादनाच्या दर्जाचं नियमपत्रकही लागू व्हायला लागलं आहे. त्यात कागदपत्रं आणि तपासण्या वाढल्या, त्यामुळे छोट्या कारखान्यांनाही क्वालिटीची माणसं लागतात.

मुलींच्या बाबतीत घरचे नाइट शिफ्टचं विचारतात. १९४८ च्या कारखाना कायद्यात स्त्रियांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कामावर ठेवायला मनाई होती, पुढे अटी घालून सूट मिळत गेली. प्रत्यक्षात क्यूसी (माल तपासणारी) लॅब, मायक्रो (जंतू तपासणारी) लॅब आणि क्यूएच्या, म्हणजे दर्जाची हमी देणाऱ्या विभागाच्या, कागदपत्रांत मुली भरपूर दिसतात, प्लँटवर कमी.

पथारीवरची मिरची, बाटलीतली केळी

"म्हंजे गाव सोडनंच पडी?" काकांचा पुढचा प्रश्न.

नंदुरबारला हंगामात मिरचीच्या पथाऱ्या पाहिल्या असतील तर डोळ्यांत पाणी आलं असेल, ठसक्याने. मैदानच्या मैदान लाल. ही मिरची उघड्यावर वाळते आणि नेमका तेव्हाच अवकाळी पाऊस येतो. भिजलेल्या मिरचीवर ॲस्परजिलस नावाची बुरशी धरते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते. मिरची पुन्हा वाळवली, रंग परत आला, तरी ते विष जात नाही. डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळत नाही. युरोपात मसाल्यासाठी मर्यादा आहे किलोमागे एकूण १० मायक्रोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. हे मोजायला लॅबच लागते, आणि बुरशी धरूच नये म्हणून पथारीवर काय बदलायचं हे सांगायला मायक्रोबायोलॉजी कळणारा माणूस लागतो.

मग अशा लॅब खान्देशात गल्लोगल्ली का नाहीत? कारण विचारणारा नाही. केळी रावेर-सावद्याहून उत्तरेकडे ट्रक भरून जाते तेव्हा व्यापारी घडाची रास बघतो, भाव बोलतो, माल जातो. रिपोर्ट कुणी मागत नाही. तीच केळी तेरा-चौदा अंशांच्या कंटेनरमधून समुद्रापार जायला निघाली की ग्राहक कीटकनाशकाच्या अंशाचा रिपोर्ट मागतो. ते मोजणारं मशीन कोटीच्या घरात जातं. माझ्यासारख्याच्या स्कोपमध्ये ती चाचणी नाही. नमुने पुण्या-मुंबईकडे जातात, आणि त्यांच्याबरोबर तिथली नोकरीही जाते. निर्यात वाढेल तसं हे बदलेल असं मला वाटतं, पण उद्याच बदलेल असं सांगून मी कुणाच्या पोराला थांबवणार नाही.

जे इथे आहे ते मात्र नीट बघण्यासारखं आहे. केळीची टिश्यूची रोपं घ्या. पूर्वी मृगबाग (जूनची लागवड) असो की कांदेबाग (ऑक्टोबरची), लावायला कंद आणायचे शेजारच्या बागेतून. कंदाबरोबर रोगही यायचा. टिश्यू कल्चरमध्ये निरोगी झाडाच्या कंदातला वाढीचा कोंब काढतात, निर्जंतुक करतात आणि काचेच्या बाटलीत, अगार घातलेल्या जेलीसारख्या खाद्यावर ठेवतात. हे खाद्य १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह नावाच्या मोठ्या प्रेशर कुकरमध्ये शिजवून घेतलेलं. तीन-चार आठवड्यांनी एका कोंबाचे अनेक कोंब होतात. लॅमिनारच्या, म्हणजे गाळलेली हवा सोडणाऱ्या टेबलाच्या, वाऱ्यासमोर बसून ते चिमट्याने सोडवायचे, पुन्हा नव्या बाटल्यांत लावायचे. फेरीमागून फेरी. मग मुळं आणायची, मग हरितगृहात, मग शेडनेटमध्ये हवेची सवय लावायची.

यात लॅमिनारवर बसून कापणाऱ्या बऱ्याचशा मुली बारावी शिकलेल्या असतात, आणि त्यांचा हात एखाद्या एमएस्सीवाल्याला लाजवेल असा चालतो. बीएस्सीवाला देखरेखीला. मग एमएस्सी बायोटेक कुठे लागतो? एका सकाळी पाहिलेलं सांगतो. रॅकवरच्या दोनशे बाटल्यांपैकी तीस बाटल्यांत खाद्य दुधाळ झालं होतं. सुपरवायझर म्हणाला, "फेकून द्या." तिथल्या एका मुलीने त्या फेकायच्या आधी बाटल्यांवरची मार्करची अक्षरं वहीत उतरवून घेतली: तारीख, ऑपरेटर, खाद्याची बॅच. तिसांपैकी सत्तावीस एकाच बॅचच्या निघाल्या. म्हणजे हात कुणाचाच खराब नव्हता, ऑटोक्लेव्ह नीट तापला नव्हता. बाटल्या तशाही फेकल्याच, पण पुढची बॅच वाचली. पगार तिला या वहीचा मिळतो. शिवाय अशा रोपांना केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची एक प्रमाणन पद्धत आहे, तिच्यात मातृझाडाची विषाणू चाचणी लागते. पुन्हा चाचणी, पुन्हा सही.

फिजिक्सवाल्यांना वाटतं हे सगळं केमिस्ट्री-बायोचं चाललंय. पण माझा तराजू बरोबर आहे हे कोण सांगतं? माझा थर्मामीटर? कॅलिब्रेशन हा स्वतंत्र धंदा आहे, त्याच्याही लॅबला एनएबीएलचा स्कोप असतो, आणि तिथे फिजिक्स, इलेक्ट्रॉनिक्सची मुलं लागतात. साक्रीच्या सोलर प्रकल्पावर फिजिक्सला नोकरी मिळेल असं अनेकांना वाटतं. तिथे आधी आयटीआय आणि डिप्लोमावाल्याला घेतात, बीएस्सीला नाही. स्टॅटिस्टिक्सवाल्यांनी महसूल मंडळांतल्या हवामान केंद्रांच्या आकड्यांवर केळीच्या विम्याचं गणित कसं ठरतं ते एकदा बसून बघावं. भरपाई मिळणार की नाही, ते त्या एका रकान्यावर ठरतं.

मशीन शिकलं तर?

हल्ली मुलगे हाच प्रश्न विचारतात. औषधाच्या लॅबमध्ये एचपीएलसी नावाचं मशीन असतं. गोळी विरघळवून ते द्रावण प्रचंड दाबाने एका बारीक नळीतून, म्हणजे कॉलममधून, ढकलतात. प्रत्येक घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतो आणि पडद्यावर टेकडीसारखी रेघ उमटते. तिला पीक म्हणतात, शेतातलं नव्हे. टेकडीखालचं क्षेत्रफळ म्हणजे औषधाचं प्रमाण. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत प्रत्येक नमुना सिरिंजने हाताने टोचायचो. आता ऑटोसॅम्पलर रात्रभर शंभर नमुने चालवतो आणि गणितही स्वतः करतो. ज्याचं कौशल्य टोचण्यात होतं त्याचं काम तिथेच गेलं, एआय यायच्या कितीतरी आधी.

उरलं काय? पीक फाटला तर का फाटला, हे सांगणं. कॉलम संपला, की मोबाइल फेजचा, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या द्रवाचा, पीएच चुकला, की नमुन्यातच काहीतरी नको ते आहे? सॉफ्टवेअर अंदाज सांगेल, तो पटवून घ्यायला माणूस लागेल. आणि दुसरं, पहिलं रीडिंग नापास आलं म्हणून गुपचूप दुसरं घेऊन पहिलं पुसायचं नाही. आता मशीन प्रत्येक क्लिकची नोंद ठेवतं, तिला ऑडिट ट्रेल म्हणतात. परदेशी तपासनीस आला की आधी तीच उघडतो. भारतातल्या कितीतरी कारखान्यांवर अमेरिकेच्या एफडीएने ठपका ठेवला तो औषध वाईट म्हणून नव्हे, नोंदी पुसल्या म्हणून.

मला तरी वाटतं, नुसतं बटण दाबणाऱ्याची जागा जाईल आणि रिपोर्टखालची सही राहील. चूक निघाली तर जाब विचारायला कुणाला तरी उभं करावंच लागतं, आणि मशीनला नोटीस काढता येत नाही.

जाहिरातीतली बारीक अक्षरं

सरकारी नोकरीवाल्यांसाठी एवढंच: पात्रता शब्दशः वाचा. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यासाठी मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री किंवा बायोटेक्नॉलॉजीची पदवी चालते. केमिस्ट्रीवाल्याला मात्र मास्टर्स लागतं. हे न कळल्यामुळे बीएस्सी केमिस्ट्रीच्या मुलांनी दोन-दोन वर्षं तयारी केलेली मी पाहिली आहे. वजनमापं तपासणाऱ्या वैधमापन अधिकाऱ्याला फिजिक्स हा एक विषय असलेली बीएस्सी चालते, हे फिजिक्सच्या निम्म्या मुलांना ठाऊक नसतं. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या स्टायपेंडरी ट्रेनीला बीएस्सीत ६० टक्के लागतात. ५८ वर थांबलेल्याचं दुःख मी ऐकलंय, त्यावर औषध नाही. संशोधनाकडे जायचं तर आयआयटीच्या एमएस्सीसाठी जॅम ही परीक्षा आहे, आणि सीएसआयआर-नेट या परीक्षेतून जेआरएफ मिळाली की जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० फेलोशिप. एवढे पैसे खासगी लॅबमध्ये पहिल्या वर्षी कुणी देत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची ऑनर्स पदवी आली. ज्याला पुढे शिकायचंय त्याने चौथं वर्ष करावं, त्यानंतर एमएस्सी एका वर्षात होते. ज्याला नोकरीच करायची आहे त्याने तीन वर्षांत बाहेर पडून ते वर्ष कारखान्यात घालवावं, हे माझं मत. प्राध्यापक मित्रांना ते आवडत नाही. अभ्यासक्रमात आता ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामावरची शिकवण, आहे, तीही कागदावर उरकू नका. एखाद्या दाल मिलमध्ये, दूध संघात, पाण्याच्या लॅबमध्ये खरंच जाऊन बसा. राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० मिळाले, आधी सहा महिने, पुढे अकरा महिने. ज्यांना लॅब मिळाली ते काही शिकले. ज्यांना कार्यालयात झेरॉक्सजवळ बसवलं ते झेरॉक्स शिकले.

काका सगळं ऐकून उठायला लागले आणि मग त्यांना बाटली आठवली. "पानी तं तपासनं राही गयं! पेवाले चाली का?"

मी मुलीला विचारलं, "बारावीला टायट्रेशन केलंय ना? मग कर."

पाण्याच्या कठीणपणाची, म्हणजे त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची, चाचणी. पन्नास मिली पाणी, बफर, चिमूटभर निर्देशक. द्रावण दारूसारखं लालसर होतं. ब्युरेटमधून ईडीटीए थेंबथेंब सोडायचं, निळं झालं की थांबायचं. रीडिंग गुणिले वीस केलं की लिटरमागचे मिलिग्रॅम येतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात चांगली मर्यादा २०० ची, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

तिचं पहिलं रीडिंग ३१.४ आलं. वीसने गुणलं तर ६२८. काकांचा चेहरा उतरला. "निळं झाल्यावरही जरा जास्त सुटलं माझ्याकडून," ती म्हणाली. पुन्हा घेतलं: २९.६. मग न सांगता तिसऱ्यांदा ब्युरेट भरली. शेवटच्या मिलीला तिने नळीचा कॉक इतका हळू फिरवला की थेंब टोकाला लोंबकळत राहिला. फ्लास्क हलवला, पांढऱ्या टाइलवर धरून पाहिला. २९.५.

"पहिलं खोडू?" तिने विचारलं.

"खोडू नको. शेजारी लिही काय झालं ते."

तिने लिहिलं: 'अंतिम बिंदू ओलांडला.' खाली २९.६ आणि २९.५. मग वही माझ्याकडे सरकवली आणि पेन मात्र हातातच ठेवलं. "सही कुठे करायची?"